पंचेचाळीस दिवस कोण मोजणार?

बँकेत असताना शिरूर तालुक्यातले एक कर्जखाते माझ्याकडे होते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीलगत पत्र्याची शेड, दोन लेथ, हाताखाली तीन पोरे आणि राहते घर तारण. माणूस कामाचा पक्का. कारखान्याला माल देणाऱ्या एका मधल्या पुरवठादाराचे जॉब-वर्क तो करी. २०१० च्या सुमारास त्या पुरवठादाराचा चेक वटला नाही. ‘‘थांबा, पुढच्या महिन्यात बघू,’’ या शब्दावर विसंबून याने तो चेक देवघराच्या फळीवर ठेवून दिला. इकडे हप्ते थकले, नव्वद दिवस भरले आणि नियमाप्रमाणे मी त्याला नोटीस धाडली. ती हातात घेऊन तो समोर येऊन बसला. म्हणाला, ‘‘साहेब, तुम्ही मला नोटीस देता. मला पण कुणाला देता येते का?’’

देता आली असती. पण मुदत टळून गेली होती.

चेक न वटणे हा १९८९ पासून गुन्हा आहे. मात्र चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करायची. एवढे साधे गणित. पण ते आम्ही शाळेत शिकवत नाही आणि बँकेतही सांगत नाही.

दुसरे गणित २००६ च्या कायद्यातले. सूक्ष्म वा लघु उद्योजकाचा माल स्वीकारल्यावर, लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत पैसे चुकते करायचे. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. दाद मागायला सुलभीकरण परिषद आहे. तिच्या निवाड्याला आव्हान द्यायचे, तर खरेदीदाराला आधी पाऊण रक्कम भरावी लागते. २०२३ च्या दुरुस्तीने आयकराचाही चाप लावला : मुदतीत न दिलेली रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत, खर्चात धरता येत नाही. मात्र ‘उद्यम’ नोंदणी आधीच केलेली बरी. तिला पैसे पडत नाहीत. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना नोंदणी मिळते, पण या थकबाकीच्या तरतुदीचा लाभ नाही, हेही त्यांना सांगायला हवे.

इतका धारदार कायदा असून कुरकुंभचा छोटा पुरवठादार किंवा शिरूरचा फॅब्रिकेटर गप्प का बसतो? कारण उघड आहे. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? आज व्याज मागितले तर उद्याची ऑर्डर जाते. ही भीती खोटी नाही, आणि कुठल्याही शिबिराने ती पुरती जाणार नाही. म्हणूनच कायद्याचे शिक्षण म्हणजे भांडायचे शिक्षण नव्हे. कागद सांभाळायचे शिक्षण. ऑर्डर लेखी घ्यावी, चलनावर माल पोचल्याची सही-शिक्का घ्यावा, आणि येणे तीन वर्षांनी मुदतबाह्य होण्याआधी देणेकऱ्याकडून बाकी लेखी कबूल करून घ्यावी. यात वैर नाही. हिशेब आहे. आणि असा हिशेब ज्याच्याकडे आहे, त्याला सहसा कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

विधी सेवेची रचना १९८७ च्या कायद्याने तालुक्यापर्यंत आणली. तिथल्या वकिलांनी शिरूर-दौंडच्या आठवडे बाजाराच्या दिवशी तासभर बसून एवढेच समजावले तरी पुष्कळ. बँकांनी कर्जाच्या मंजुरीपत्रासोबत या मुदतींचा एक कागद द्यावा. घरात हिशेबाची वही बहुधा बायको किंवा मुलगी लिहिते. तिलाही बोलवावे.

त्या माणसाने एक लेथ विकून खाते मिटवले. वसुलीबद्दल वरच्या कार्यालयाने माझे कौतुक केले. वास्तविक तो चेक परत आल्याचा मेमो आमच्याच काउंटरवरून त्याच्या हाती गेला होता. ‘तीस दिवसांत नोटीस द्या’ एवढे चार शब्द तेव्हा कोणी बोलले असते तर? आम्ही त्याचे नव्वद दिवस चोख मोजले. त्याच्या बाजूचे दिवस मोजायला मात्र कोणी नव्हते.