घरच्या घरी शिडाची होडी

नौकाबांधणी हा पिढीजात कारागिरांचाच इलाखा, हा समज रूढ असताना, जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ‘डेली मिरर’ या इंग्रजी वृत्तपत्राच्या आश्रयाने, रंधा क्वचितच हाती धरलेल्या गृहस्थासही बांधता यावी अशी 3.3 मीटर लांबीची ‘मिरर’ होडी 1963 साली लोकांपुढे ठेवली, ही घटना आम्हांस फार मोलाची वाटते. प्लायवुडचे तक्ते तांब्याच्या तारेने कडेला कड लावून टाचावयाचे आणि सांध्यांवर काचतंतूंची पट्टी राळेने चिकटवावयाची, की फासळ्यांचा अवघड सांगाडा अगोदर उभारण्याचे प्रयोजनच उरत नाही. तक्त्यांच्या आकारातूनच होडीला बाक येतो. या युक्तीचे कौतुक करावे तितके थोडे! ज्या वाचकांच्या मनात असा संकल्प असेल त्यांनी काटकसर अन्यत्र करावी; तक्ते मात्र पाण्यास टिकणाऱ्या मरीन प्लायवुडचेच घ्यावेत.