सातवीचं गणित घेतं कोण?

इंजिनियरिंगला कोण जाणार हे बारावीच्या सीईटीत ठरतं असं आपण सगळे धरून चालतो. मला हे पटत नाही. माझ्या मते निम्मा निकाल सहावी ते आठवीतच लागतो, फक्त मार्कशीट तेव्हा हातात मिळत नाही.

बघा ना. सहावीत पूर्णांक संख्या आणि समीकरणं, सातवीत बैजिक राशी, आठवीत त्यांचे अवयव. 'ऋण गुणिले ऋण धन का?' या प्रश्नाला 'नियम आहे, पाठ कर' असं उत्तर मिळालं की पोरगं पाठ करतं. नववीत पाठांतर पुरत नाही. मग 'आपल्याला गणित जमत नाही' हे आयुष्यभरासाठी फिक्स!

पूर्वी बारावी आर्ट्स करून डी.एड. झालेले गुरुजीच सातवीचं गणित घ्यायचे. दहावीलाच गणित सुटलेलं. दोष त्यांचा नाही, सरकारने मागितलंच तेवढं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हे बदललं. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा. शिवाय पदवी, बी.एड. किंवा डी.एड., आणि वर टीईटी. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने नोकरीतल्या जुन्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असेल तर, दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. तेव्हापासून शिक्षकांच्या पात्रतेची चर्चा म्हणजे फक्त टीईटी.

टीईटी असावीच. पण तिचं गणित बघा. दुसरा पेपर १५० मार्कांचा, पासिंग ९०. त्यात गणित-विज्ञान ६० मार्कांचं, बाकी बालमानसशास्त्र आणि दोन भाषा मिळून ९०. म्हणजे कागदावर तरी गणित-विज्ञानात भोपळा मिळवूनही पास होता येतं! आपल्याकडे सर्टिफिकेशन बघून कोणी प्रोजेक्टवर घेत नाही, काम येतं का ते विचारतात. शाळेत मात्र सर्टिफिकेट बघून फाईल बंद.

आणि पणाला काय लागलंय? आठवीतली एनएमएमएस परीक्षा घ्या. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,०००. एखादी मुलगी दहावीनंतर शिकणार की घरी बसणार, हे एवढ्या पैशांवर ठरू शकतं. शालेय क्षमता चाचणीतल्या ९० प्रश्नांपैकी ३५ विज्ञानाचे आणि २० गणिताचे. ज्या शाळेत हे विषय घेणारा माणूसच धड नाही, तिथल्या मुलांना 'संधी सर्वांना समान' म्हणणं म्हणजे चेष्टा आहे.

आपण काय करतो? कंपनीतर्फे दप्तरं वाटतो, फोटो काढतो. वाटा की! पण त्यासोबत एक प्रश्नही विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सदस्य पालक असतात. तुमच्या गावी त्यात एखादा काका, मामा, वर्गमित्र असणारच. त्याला सांगा, पुढच्या मीटिंगला वेळापत्रक मागव. सातवीच्या गणितापुढे कोणाचं नाव आहे, त्यांचा विषय कोणता, आणि गेल्या महिन्यात निवडणुकीच्या कामातून त्यांचे किती तास खरंच झाले?

तीनच प्रश्न. उत्तरं मिळाली तर मलाही कळवा.