घारापुरीच्या धक्क्यावर पाच तास

जहाजाची सफर म्हटली की पैसेवाल्यांची मौज आठवते. रात्रभर जहाज, सकाळी एखाद्या जुन्या बंदरात उतरायचे, दिवसभर गाव पाहायचे, संध्याकाळी परत जहाजावर. आपल्या पिंपरी-चाकणच्या पगारात हे बसत नाही. पण त्याच सफरीचा आपल्याला परवडणारा नमुना मुंबईत आहे. गेटवेवरून लाँचने तासाभरात घारापुरी!

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. (सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.) भाकरी, ठेचा बांधून आम्ही चिंचवडला सिंहगड एक्सप्रेस गाठली. सोबत आई, मुले आणि चाकणला पॅकिंग खात्यात असलेले शेजारचे भाऊ. लाँचवर आईने आधी जॅकेट मागितले. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून लाँच बुडाली आणि माणसे गेली, ते तिने टीव्हीवर पाहिले होते. तुम्हीही जॅकेट घालूनच बसा, कोणी हसले तरी हसू द्या.

घारापुरी हे आज तिकीट काढून पाहायचे बेट असले तरी दोन हजार वर्षांपूर्वी ते बंदर होते. मोराबंदरच्या बाजूला रोमन सुरयांचे तुकडे सापडले आहेत. या सुरया खाली निमुळत्या असत, म्हणजे जहाजाच्या पोटात एकमेकींत अडकून घट्ट बसत. हे सांगताच भाऊ म्हणाले, "म्हणजे एक्सपोर्ट पॅकिंगच की!" जिथे व्यापारी उतरत तिथे भिक्खूही येत. बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, ते इसवी सनापूर्वीचे असावेत असे अभ्यासक मानतात. आई आली होती ती त्यासाठी.

धक्क्यापासून चालत गेलो की पायऱ्या लागतात, शंभराच्या वर. तिथे खुर्चीला बांबू बांधलेल्या डोल्या घेऊन माणसे उभी असतात. एक जण पुढे आला. "आजी, बसा. गुडघे दुखतील."

"नको रे बाबा," आई म्हणाली. "माणसाच्या खांद्यावर बसून कुठे जायचे नाही मला."

आम्हाला आईचा अभिमान वाटला. पण तो हसला नाही. म्हणाला, "सगळ्यांनी असेच म्हटले तर आमची चूल कशी पेटायची? पावसाळ्यात तर गिऱ्हाईकच नसते."

आम्ही गप्प. खांद्यावर माणूस वाहणे वाईट, हे आम्ही भाषणात शंभरदा सांगू. पण त्या माणसाच्या संध्याकाळच्या भाकरीचे काय, हे सांगायला आमच्याकडे शब्द नव्हता. शेवटी आईनेच तोडगा काढला. "तू माझा हात धरून चल. जाण्यायेण्याचे पैसे घे." तो तयार झाला. त्याच्याबरोबरचे बाकीचे मात्र रिकामी डोली घेऊन तसेच उभे राहिले. ते आमच्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

दर पाच पायऱ्यांवर बसत आई वर पोचली. मोठ्या लेण्यातली तीन मुखांची शिवाची मूर्ती सुमारे अठरा फूट उंच आहे. ती पाहून सगळे पर्यटक माघारी फिरतात. स्तूपाकडे जाणारे आम्हीच. पण आईचे गुडघे तिथेच संपले. "पोरांना घेऊन जा, मी इथे बसते," म्हणाली.

तो दादाच आम्हाला पूर्वेच्या टेकडीवर घेऊन गेला. वाटेत सांगत होता, बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ साली, त्याआधी जनरेटरवर दिवस काढले. समोर मुंबई रात्रभर झगमगत असायची! स्तूप म्हणजे आज माती-गवतातला विटांचा उंचवटा. पोराने विटेचा तुकडा खिशात घातला, आजीला दाखवायला. आम्ही तो होता तिथे ठेवायला लावला. पोराने तोंड पाडले.

आईपाशी परत येऊन त्याने हात पसरून स्तूप केवढा ते दाखवले. तिने दोनदा विचारून घेतले.

परतीच्या लाँचवर आम्ही तिला सांगितले की असल्या बंदरांचा माल घाट चढून आपल्याच मावळातून पुढे जाई. कार्ल्याच्या लेण्यात सोपारा बंदराच्या सातिमित नावाच्या भाणकाने, म्हणजे धम्मपाठ म्हणणाऱ्याने, एक खांब दान दिल्याचे कोरले आहे. तिथेच सामी नावाच्या सुताराचेही नाव आहे, दाराचे काम त्याचे.

"सुताराचे नाव कोरलेय?" आईने विचारले. मग बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. "कार्ल्याला पायऱ्या किती?"

"इथल्यापेक्षा जास्त."

"मग आधी गुडघ्याचे तेल आण."