घरच्या ताटाचा अपुरा हिशेब

महिनाअखेरीस जमाखर्चाची तोंडमिळवणी होईनाशी झाली, की मध्यमवर्गीय कुटुंबात पहिली संक्रांत येते ती बाहेरच्या खाण्यावर. रविवारचे उपाहारगृह बंद होते, कचेरीतल्या दुपारच्या थाळीची जागा घरचा डबा घेतो आणि परगावी शिकणाऱ्या मुलाला ‘मेस सोड, खोलीवरच काहीतरी करून खा’ असा सल्ला फोनवरून दिला जातो. घरचे ताट स्वस्त आणि बाहेरचे महाग, हे सिद्ध करण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही, अशीच सर्वांची समजूत असते. ती समजूत सर्वस्वी चुकीची आहे असे नाही. परंतु ज्या हिशेबावर ती उभी आहे, त्या हिशेबातील एक रकाना पिढ्यान्‌पिढ्या कोरा ठेवला गेला आहे, आणि तो भरला की उत्तर अनेकदा बदलते.

प्रथम प्रचलित हिशेबच पाहू. क्रिसिल ही संस्था घरी शिजवलेल्या थाळीचा सरासरी खर्च दरमहा प्रसिद्ध करते. २०२५ या वर्षात शाकाहारी थाळीचा हा खर्च सामान्यतः २६ ते ३० रुपयांच्या दरम्यान राहिला. पोळी, भात, डाळ, भाजी, दही आणि कोशिंबीर एवढे पदार्थ या ताटात धरलेले आहेत. त्यासाठी लागणारे धान्य, डाळी, भाज्या, मसाले, तेल आणि स्वयंपाकाचा गॅस यांच्या किमती त्यात मोजल्या जातात. त्यापूर्वी २०१९-२०च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनेही ‘थाळीचे अर्थशास्त्र’ अशा अर्थाचे एक स्वतंत्र प्रकरण लिहून, २००६-०७च्या तुलनेत शाकाहारी थाळी कामगाराच्या मजुरीच्या मानाने २९ टक्क्यांनी अधिक परवडणारी झाली, असा निष्कर्ष काढला होता. अशा आकडेवारीचे मोल मोठे आहे. मात्र या थाळीत धान्य आहे, तेल आहे, इंधन आहे. ती रांधणारे हात नाहीत.

बाहेरच्या थाळीची किंमत नेमकी येथेच फुगते. हॉटेलच्या धंद्यात कच्च्या मालाचा वाटा विक्रीच्या किमतीच्या साधारण एक-तृतीयांश असावा, असा ढोबळ संकेत आहे. उरलेल्या दोन भागांत आचारी, वाढपी आणि भांडी घासणारा यांचे पगार, जागेचे भाडे, वीज, वाया गेलेले अन्न आणि मालकाचा नफा एवढे सर्व येते. इंधनही घरगुती दराने मिळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत घरगुती गॅस किलोमागे सुमारे ६० रुपयांना पडत होता, तर व्यापारी सिलिंडरमधला सुमारे ९० रुपयांना. नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारण उपाहारगृहांच्या बिलावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि मालकाला स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो भारही शेवटी गिऱ्हाईकाच्याच पानात पडतो. घरच्या स्वयंपाकघराला यांतले काहीच द्यावे लागत नाही. जागेचे भाडे घरभाड्यात आधीच गेलेले असते, उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी फोडणीला पडते, आणि आचाऱ्याचा पगार शून्य असतो.

कोरा रकाना

हा शून्य पगार कोणाच्या खात्यावर लिहिला जातो, हे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या कालविनियोग पाहणीने आकड्यांत दाखवले आहे. २०१९च्या पाहणीनुसार सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१ टक्के स्त्रिया घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करीत होत्या. पुरुषांत हे प्रमाण २६ टक्के होते. हे काम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ ५ तास वेळ जात होता आणि पुरुषाचा ९७ मिनिटे. २०२४च्या पाहणीत हेच आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. पाच वर्षांत स्त्रीची १० मिनिटे वाचली. परंतु पुरुषाचीही ९ मिनिटे वाचली, तेव्हा कामाची वाटणी बदलली असे म्हणण्यास आधार नाही.

अर्थशास्त्राला हे कोडे नवीन नाही. आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये ‘इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात दाखवून दिले, की एखाद्या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकीणबाईशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. स्वयंपाक तोच, चूल तीच, जेवणारा तोच. केवळ पगार थांबला म्हणून उत्पन्न नाहीसे झाले! पुढे १९३४ मध्ये मार्गारेट रीड यांनी त्यावर साधी कसोटी सुचवली. जे काम पैसे देऊन तिसऱ्या माणसाकडून करून घेता येते, ते उत्पादक काम समजावे. या कसोटीवर पोळी लाटणे निःसंशय उत्पादन ठरते. शहरांतून घरोघर पोळ्या लाटून संसार चालवणाऱ्या हजारो स्त्रियांनी त्याचा बाजारभावही ठरवून ठेवला आहे. तोच भाव स्वतःच्या घरात मात्र शून्य कसा होतो, हा खरा प्रश्न आहे.

दोन घरे, दोन उत्तरे

हा रकाना भरल्यावर काय होते, ते प्रत्यक्ष उदाहरणाने पाहणे उचित ठरेल. चार माणसांचे एक कुटुंब घेऊ. दोन वेळची मिळून ८ ताटे, ताटामागे जिन्नस आणि गॅस २८ रुपये, म्हणजे दिवसाला २२४ आणि महिन्याला ६,७२० रुपये. हीच ८ ताटे १०० रुपये दराने साध्या खाणावळीतून घेतली, तर महिन्याचा खर्च २४,००० रुपये होईल. फरक १७,२८० रुपयांचा. आता बाजारहाट, निवडणे, चिरणे, रांधणे आणि भांडी घासणे यांस मिळून दिवसाचे ३ तास धरले, तर महिन्याचे ९० तास होतात. फरकाला या तासांनी भागले, की घरी राबणाऱ्या व्यक्तीने तासाला १९२ रुपये कुटुंबाला मिळवून दिले, असा अर्थ निघतो. घरचा स्वयंपाक येथे निःसंशय किफायतशीर आहे. परंतु ती किफायत आकाशातून पडलेली नाही, ती कोणीतरी कमावलेली आहे.

आता पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी खोली घेऊन राहणारा एकटा विद्यार्थी पाहू. मेसचे दोन वेळचे ३,५०० रुपये धरले, तर ६० ताटांमागे ताटाला सुमारे ५८ रुपये पडतात. खोलीवर शिजवले तर त्याच २८ रुपयांच्या दराने १,६८० रुपये. बचत १,८२० रुपये. पण एकट्यासाठीही कुकर लावावाच लागतो, कणीक मळावीच लागते आणि भांडी घासावीच लागतात. दिवसाचे २ तास धरले तरी महिन्याचे ६० तास जातात आणि तासाची कमाई अवघी ३० रुपये होते. एवढ्या पैशांसाठी अभ्यासाचे दोन तास द्यावेत काय, हे त्यानेच ठरवावे. शिवाय पाव किलो डाळ आणि एक जुडी मेथी घेणाऱ्याला महिन्याचा किराणा भरणाऱ्या कुटुंबाचा दर मिळत नाही, हे वेगळेच. मात्र असेच पाच विद्यार्थी एकत्र आले आणि पाळीपाळीने दिवसाचे अडीच तास स्वयंपाक करू लागले, तर महिन्याच्या ७५ तासांत ९,१०० रुपये वाचतात. तासाची कमाई एकदम १२१ रुपयांवर जाते.

प्रत्येकाच्या घरचे दर आणि तास निराळे असतील. हे आकडे बदलून हाच भागाकार कोणालाही करता येईल. त्यातून निघणारे तत्त्व मात्र बदलणार नाही. ‘घर’ आणि ‘बाहेर’ या शब्दांत स्वस्ताई-महागाई दडलेली नाही. एका चुलीवर किती माणसे जेवतात आणि रांधणाऱ्याचा तास कोणत्या भावाने मोजला जातो, या दोन गोष्टींवर ती अवलंबून असते. खाणावळवाला काही जादू करीत नाही. तो पन्नास जणांचे वरण एका पातेल्यात शिजवतो, एवढेच.

बचत कोणाची, झीज कोणाची?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. घरच्या अन्नातली शुद्धता आणि माया पैशांत कशी मोजणार, असा तो आक्षेप. हॉटेलातील तेलाविषयी आणि स्वच्छतेविषयी असलेली शंका अनाठायी नाही, आणि आईच्या हातच्या चवीला बाजारात पर्याय नाही हेही मान्य केले पाहिजे. परंतु एखादी वस्तू अमोल आहे म्हणून तिचे मोल शून्य धरावे, हा तर्क मात्र विचित्र आहे. मायेने रांधणाऱ्या स्त्रीची कंबर मायेमुळे दुखायची थांबत नाही.

नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर ही विसंगती अधिकच टोचते. सकाळच्या शाळेत शिकवणारी शिक्षिका पहाटे पाचला उठून चार डबे भरते, दुपारी परतून पुन्हा ओट्याशी उभी राहते, आणि महिनाअखेरीस ‘बाहेरचे बंद करू’ असा ठराव घरात एकमताने संमत होतो. त्या ठरावाने वाचलेले पैसे संपूर्ण कुटुंबाचे असतात. त्यासाठी वाढलेले तास मात्र एकट्या तिच्या वाट्याला येतात. काटकसरीचा निर्णय घेणारे आणि काटकसर प्रत्यक्ष करणारे हात वेगळे असले, की त्या काटकसरीला अनुदान म्हणणे अधिक योग्य. ते अनुदान त्या घरातील स्त्री देत असते.

न्यायालयांनी हे वास्तव कुटुंबांच्या आधी ओळखले. लता वाधवा खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाई ठरवताना गृहिणीच्या सेवेचे मूल्य दरमहा ३,००० रुपये धरले, आणि २०२१च्या कीर्ती खटल्यातही गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न मोजलेच पाहिजे, ही भूमिका ठामपणे मांडली. दुर्दैव एवढेच, की हे मोल ठरवण्याचा प्रसंग या खटल्यांत त्या स्त्रीच्या मृत्यूनंतर आला. जिवंतपणी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो आकडा लिहिण्याची सोय आपल्या समाजात नाही.

खाणावळीची वाट

उपाय काय? सर्वांनी रोज हॉटेलात जेवावे असे कोणीच म्हणणार नाही. बहुसंख्यांच्या खिशाला ते झेपणारेही नाही. परंतु घरची चूल आणि हॉटेलचे टेबल यांच्यामध्ये एक वाट महाराष्ट्राने फार पूर्वीच पाडलेली आहे. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रिया वर्षानुवर्षे वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर दिवस काढीत होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले आणि या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. स्वयंपाक तोच होता. फरक एवढाच, की बँकेच्या दप्तरी तो प्रथमच धंदा म्हणून नोंदला गेला. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाचे रूप पालटले, पण तो धडा जुना झालेला नाही. आज गल्लोगल्ली दिसणारी पोळीभाजी केंद्रे त्याच वाटेवरची आहेत.

सरकारनेही हा हिशेब एकदा प्रामाणिकपणे मांडलेला आहे. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात अशा थाळीसाठी केंद्रचालकाला शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये मिळावेत असे ठरले. ग्राहकाने त्यांपैकी १० रुपये द्यावयाचे होते. ही थाळी क्रिसिलच्या थाळीशी तंतोतंत जुळणारी नाही. तरी रांधणाऱ्याची मजुरी धरली की साधे ताटही २८ रुपयांत होत नाही, याची ती शासकीय कबुलीच होय.

तेव्हा महाविद्यालये, वसतिगृहे आणि मोठ्या कचेऱ्या यांनी बिनभाड्याची जागा आणि पाणी देऊन स्त्रियांच्या गटांकडे खानावळी सोपवल्या, तर भाड्याचा बोजा उतरेल, विद्यार्थी वडापावावर दुपार काढणार नाही आणि रांधणाऱ्या हाताला रोख मोबदला मिळेल. २०२३-२४च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबांच्या खर्चापैकी सुमारे ११ टक्के वाटा पेये, अल्पोपाहार आणि तयार अन्न यांचा होता. तृणधान्यांचा वाटा ४ टक्क्यांहूनही कमी. माणसे बाहेरचे खाऊ लागली आहेतच. ते अन्न चांगले, माफक दराचे आणि न्याय्य मजुरीचे कसे होईल, एवढाच प्रश्न उरतो.

ज्या घरांना घरचेच ताट हवे आहे, त्यांनी ते अवश्य ठेवावे. चार माणसांच्या घरात ते परवडते, हे वरच्या हिशेबानेही दाखवले आहे. मात्र त्या ९० तासांची वाटणीही त्याच वहीत लिहावी. बाहेरचे बंद करण्याचा ठराव ज्या दिवशी होईल, त्याच दिवशी संध्याकाळची कणीक कोण मळणार आणि कुकर कोण लावणार, हेही ठरावे. तेवढी एक ओळ वाढवली, तरच तो हिशेब पुरा झाला असे म्हणता येईल.