अंतर्गळ, जाळी आणि हातावरचे पोट

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गच्या पुढे जळकोट लागते. या टापूत पाठीवरच्या पोत्यावर किंवा डोक्यावरच्या मोळीवर ज्याचे पोट आहे, अशा एखाद्या माणसाच्या जांघेत एके दिवशी गोळा दिसू लागतो. उभे राहिले की तो फुगतो, आडवे झाले की आत जातो. माणूस घरी सांगत नाही. लंगोट घट्ट आवळतो आणि पुन्हा ओझ्याखाली वाकतो. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर असेल, मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असेल, तर दवाखान्याचे नावही निघत नाही.

हा अंतर्गळ, म्हणजे हर्निया. पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागेतून आतडे बाहेर डोकावते. ओझे हे त्याचे एकमेव कारण नव्हे. जन्मजात दुबळेपणा, जुनाट खोकला, मलावरोध, लघवीचा अडथळा यांचाही त्यात वाटा असतो. तरीही 1967 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याला 55 किलोची मर्यादा सुचविली आणि 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, हे सहज घडले नाही. श्रमिकांच्या शरीराची किंमत कोणीतरी मागितली होती.

औषधाने वा पट्ट्याने ही भिंत सांधत नाही. मात्र प्रत्येकाने उद्याच शस्त्रक्रिया केली पाहिजे असेही नाही. फारसा त्रास नसलेल्या पुरुषांनी वाट पाहिली तरी चालते, असे अमेरिकेतील एका चाचणीने 2006 साली दाखविले. पण त्याच रुग्णांचा पुढे मागोवा घेतला, तेव्हा दहा वर्षांत सुमारे दोन-तृतीयांश लोक दुखण्यामुळे शस्त्रक्रियेकडे वळलेले आढळले. स्त्रियांच्या जांघेतील अंतर्गळ आतडे अडकण्याच्या दृष्टीने अधिक धोक्याचा. तेथे थांबू नये. आणि कोणाचाही गोळा आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट पाहू नये. आतडे कुजायला काही तास पुरतात.

आता शस्त्रक्रिया कोणती? पूर्वी स्वतःच्याच ऊती ओढून शिवत. इटलीच्या बास्सिनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही वाट दाखविली. त्यात टाक्यांवर ताण येतो आणि अंतर्गळ परत उद्भवतो. कॅनडातील शोल्डाइस यांनी तीच रीत अधिक काटेकोर केली. 1980च्या दशकात अमेरिकेतील लिक्टेनस्टाईन यांनी दुबळ्या जागेवर कृत्रिम धाग्याची जाळी बसवून ताणच काढून टाकला. ही खुली शस्त्रक्रिया केवळ जागेपुरत्या भुलीवर होऊ शकते. तिसरा मार्ग दुर्बिणीचा. त्यात छेद लहान, कामावर परतणे लवकर, नंतरचे दुखणेही कमी. पण पूर्ण भूल, महाग यंत्रसामग्री आणि मुरलेला हात लागतो. जाळी बसविल्यानंतर शंभरातील दहा-बारा जणांना दीर्घकाळ दुखत राहते, हेही रुग्णाला आधी सांगितले पाहिजे. पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डा यांनी जाळीविना, रुग्णाच्याच स्नायूवरील पडद्याची पट्टी वापरण्याची रीत 2001 साली मांडली. पोलंडमधील चाचणीत तीन वर्षांनंतर ती जाळीच्या बरोबरीची ठरली.

पण आम्हाला अधिक मोलाची वाटते ती धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्याची गोष्ट. तेथील शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ तोंगावकर यांच्यापुढे प्रश्न सरळ होता. बाजारातली जाळी गरिबाला परवडत नाही. मग त्याला ताणाच्या टाक्यांवरच सोडायचे का? त्यांनी मच्छरदाणीचे, पॉलिएथिलिन-पॉलिप्रॉपिलिनच्या मिश्रणाचे कापड पारखले, निर्जंतुक करून वापरले आणि इतर शल्यविशारदांसह केलेल्या चाचणीचा वृत्तांत 2003 साली प्रसिद्ध केला. पुढे युगांडात 302 पुरुषांवर रीतसर तुलना झाली व 2016 साली निष्कर्ष आले. एका वर्षात स्वस्त जाळीच्या गटात एकाचा अंतर्गळ परतला, महागड्या गटात कोणाचाही नाही. गुंतागुंतींत लक्षणीय फरक नव्हता. एक जाळी एका डॉलरच्या आसपास, दुसरी सुमारे सव्वाशेची. तोच गुण आणि शंभराहून अधिक पट किंमत! (म्हणून घरची मच्छरदाणी कापून नेऊ नये, प्रत्येक कापड चालत नाही.)

आज देशी बनावटीच्या जाळ्या मिळतात, त्यामुळे दोंडाईच्याची नक्कल करण्याची गरज उरलेली नाही. गरज आहे ती त्या विचाराची. दुर्बीण वाईट नाही. अंतर्गळ दोन्ही बाजूंना असेल किंवा खुल्या शस्त्रक्रियेनंतर परतला असेल, तर तिचा विचार अवश्य व्हावा. पण ‘दुर्बिणीनेच करा’ असे सांगून कर्ज काढायला लावणे हा व्यापार आहे. जागेपुरत्या भुलीवरची खुली जाळी-शस्त्रक्रिया तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून ठराविक दिवशी झाली, तर बहुसंख्य मजुरांचे काम तेथेच भागेल.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. केसपेपरचे पैसे वाचले, हे चांगलेच. परंतु टेबलाजवळ शल्यविशारद उभा नसेल तर निःशुल्क काय? जळकोट-नळदुर्ग भागातील कार्यकर्त्यांनी आधी ही विचारपूस करावी: शस्त्रक्रिया कोणत्या वारी होतात, जाळी साठ्यात आहे का, की रुग्णाला चिठ्ठी देऊन बाहेर पाठविले जाते? खासगी दवाखान्यात जाणे भागच असेल, तर जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे आरोग्यमित्राकडून आधीच लेखी घ्यावे. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीत बुडणाऱ्या मजुरीचे काय, हे मुकादमाला व कारखान्याला विचारण्याचे काम रुग्णाच्या एकट्या बायकोवर टाकू नये.