शिल्लक रजेचा पैसा कामकऱ्याचाच

कारखान्याची नोकरी सोडून घरीं आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतों, "हिशेब मिळाला का?" तो मान हलवितो. पण हिशेबांत काय काय मिळालें असें खोदून विचारलें तर सरत्या महिन्याचा पगार आणि फार तर फंडाचा कागद, यापलीकडे त्याला सांगतां येत नाहीं. न घेतलेल्या रजेचें काय झालें? तें कोणी विचारीतच नाहीं. बैलाच्या बाजारांत दावें कोणाकडे राहणार यावरून आपण घटकाभर हुज्जत घालतों, आणि पोराच्या घामाचे दहाबारा दिवस मात्र शेटजीच्या पेढीवर सोडून येतों!

बंधूंनो, रजा ही मालकाची मेहेरबानी नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मिळाली ती कोणाला दया आली म्हणून नव्हे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा भरविल्या, तेव्हां कोठें १० जून १८९० रोजीं मालकांनीं ती मान्य केली. पुढें १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानें वर्षांत २४० दिवस भरणाऱ्याला दर २० दिवसांमागें एक दिवस पगारी रजा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारनें त्या कायद्याच्या जागीं नवी संहिता लागू केली आहे. तींत दर तोच आहे, मात्र २४० च्या ऐवजीं १८० दिवस पुरतात.

आतां मुद्द्याची गोष्ट. जुन्या कायद्यांत होतें तेंच नव्यांतहि आहे: कामकरी काम सोडो, त्याला काढून टाकोत, वय होऊन तो घरीं बसो किंवा मरण पावो, शिल्लक रजेची मजुरी द्यावीच लागते. सोडल्यास किंवा काढल्यास कामाच्या दुसऱ्या दिवसाच्या आंत; वय झाल्यास वा मृत्यु आल्यास दोन महिन्यांच्या आंत, आणि मृत्यूनंतर ती वारसाची. तेव्हां "तूं आपण होऊन सोडलेंस, तुझा हक्क बुडाला," असें जो कारकून सांगतो तो धडधडीत खोटें बोलतो. २४० दिवस भरले, रजा १२ झाली, तीन दिवस घेतले, नऊ उरले. रोज ५०० रुपये असेल तर साडेचार हजार झाले. खरिपाच्या बियाण्याला तेवढा हातभार थोडा नव्हे.

याकरितां हजेरीचें कार्ड आणि पगाराच्या चिठ्ठ्या फेकूं नका, पत्र्याच्या पेटींत जपा. शिल्लक रजेची मागणी लेखी करा व पोच घ्या. "सर्व हिशेब पावला" या कागदावर आंकडे वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊं नका. वाचतां येत नसेल तर गांवांतला मास्तर कशासाठीं आहे? तरीहि पैसे न दिल्यास सरकारी कामगार कार्यालय गांठा.

वरच्या लोकांना हें सारें पाठ असतें. सरकारी नोकराला निवृत्तीच्या वेळीं ३०० दिवसांपर्यंतच्या रजेचे पैसे मिळतात. (आम्हां मास्तरांना सुट्या फार, म्हणून शिल्लक रजा थोडी, तक्रार नाहीं.) खासगी नोकरींतल्या पगारदारांना या रकमेवर असलेली ३ लाखांची करमाफी २०२३ सालीं २५ लाखांवर नेली. त्याबद्दल पोटदुखी नाहीं. झारखंडच्या एका खटल्यांत सुप्रीम कोर्टानें २०१३ सालीं म्हटलेंच आहे कीं हा पैसा नोकराची मालमत्ता होय, कायद्याच्या आधारावांचून सरकारलाहि तो अडवितां येत नाहीं. मग तीच मालमत्ता सुताराच्या, कोष्ट्याच्या पोराची कां नव्हे?

पण खरी अडचण पुढेंच आहे. दहांहून कमी माणसें असलेल्या मागाच्या शेडांत, भट्टींत वा दुकानांत ही संहिता सहसा लागत नाहीं. आणि आपल्या शेतावरचा सालगडी? त्याचें साल पाडव्याला ठरतें. आजारानें चार दिवस पडला तर ते कापले जातात, मध्येंच सोडून गेला तर उचल त्याच्याच अंगावर राहते. त्याला रजाच नाहीं, मग शिल्लक कोठून असणार? शेटजीला हिशेब विचारणाऱ्या आपण शेतकऱ्यांनीं येत्या पाडव्याला साल ठरवितांना गड्याच्या रजेचे दिवस बोलून घ्यावे, ते वहींत मांडावे, आणि तो साल सोडून जाईल त्या दिवशीं उरलेल्या दिवसांचे पैसे त्याच्या हातावर ठेवावे.