संगणकाचा पडदा काळा राहतो तेव्हा

रक्तदाब का वाढला असे विचारले, की हल्ली ज्येष्ठांकडून एक नवे उत्तर ऐकू येते: संगणक लावला, पण पडदा काळाच! मुलगा पुण्यात नाहीतर परदेशी, व्हिडिओ कॉलची वेळ झालेली, नातवंडांची छायाचित्रे आत अडकलेली. जीव कासावीस होणारच. तेव्हा आधी हे जाणून घ्यावे, की छायाचित्रे पडद्यात नसतात. ती सीपीयूच्या पेटीतील हार्ड डिस्कमध्ये असतात; पडदा बिघडला म्हणून ती नाहीशी होत नाहीत.

तपासणी रुग्णाप्रमाणेच क्रमाने करावी. प्रथम मॉनिटरच्या कडेचा छोटा दिवा पाहावा. तो लागतच नसेल, तर वीज पोहोचत नाही. बोर्डाचे बटण, यूपीएस, मॉनिटरमागची वायर पाहावी. आपल्याकडे घाटावर काय नि घाटाखाली काय, वीज ये-जा करतेच; तेवढ्यात यूपीएस बंद पडतो आणि कुणाच्या ध्यानी येत नाही. दिवा पिवळा असेल किंवा लुकलुकत असेल, तर मॉनिटरला वीज आहे, पण सीपीयूकडून चित्र मिळत नाही. माउस हलवावा, एखादी कळ दाबावी. संगणक नुसता झोपलेलाही असतो. मग कीबोर्डवरील कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर सीपीयूची नाडी बहुधा चालू आहे. दोष केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये शोधावा. काळ्या पडद्यावर टॉर्चचा प्रकाश तिरपा पाडल्यास कधी पुसट चित्र दिसते. तसे असल्यास पडद्यामागील दिवे गेले. यातून काही न साधल्यास सीपीयूचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून तो बंद करावा व मिनिटभराने पुन्हा लावावा. त्या वेळी आतून ‘टीं-टीं’ असे आवाज आले, तर ते मोजून कागदावर लिहावेत. दुरुस्ती करणाऱ्याला त्यावरून दोष ओळखता येतो.

केबल घट्ट करण्यासाठी टेबलाखाली वाकण्याचे काम मात्र घरातील तरुणांनी, प्लग काढून करावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वाकून एकदम उठताना भोवळ येऊ शकते, आणि मोडलेला खुबा संगणकापेक्षा फार महाग पडतो. सीपीयूतील वीजपुरवठ्याची डबी तर कोणीच उघडू नये; प्लग काढल्यावरही तिच्यात काही काळ वीज साठून राहते.

इंटरनेटवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’च्या क्रमांकांवर विसंबू नये, गावातला ओळखीचा माणूस बोलवावा. दुरुस्तीच्या नावाखाली कोणी ओटीपी मागून पैसे काढलेच, तर विनाविलंब १९३० वर तक्रार नोंदवावी.

आता माझ्या पेशाचे. पडदा काळा दिसताच एकदा खिडकीबाहेरही पाहावे, आळीपाळीने एकेक डोळा झाकून. एखाद्या डोळ्यापुढे एकाएकी पडदा ओढल्यासारखा काळोख आला असेल, तर दुखत नसले तरी आणि तो थोड्या वेळात निवळला तरी, त्याच घडीला रुग्णालय गाठावे. सोबत तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा जीभ अडखळू लागली, तर घरच्यांनी संगणक तसाच सोडून १०८ ला फोन लावावा.